पंचवीस हजारांत इलेक्ट्रिक गिटार: आधी नेक बघा, नाव नंतर

चिपळूणहून एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षं अकूस्टिक गिटार वाजवते, आता तिला इलेक्ट्रिक हवी आहे. ॲम्पसकट (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरसकट) सगळं 25,000 रुपयांत बसवायचं आहे. चार गिटारी हातात घेऊन बघता येतील असं दुकान जवळपास नाही. ते विचारतात: कोणत्या कंपनीची घेऊ, ऑनलाइन मागवू की मुंबईला जाऊ, सेकंडहँड चालेल का, आणि एवढ्या पैशांत घेतलेली गिटार वर्षभरात माळ्यावर तर जाणार नाही ना?

मी गेली 19 वर्षं पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी काळजी तिथेच दिसते. 15 ते 18 हजारांची इलेक्ट्रिक गिटार नीट निवडली आणि कारागिराकडून नीट लावून घेतली, म्हणजे तारा, नेक, फ्रेट बरोबर बसवून घेतले, तर कॉलेज संपेपर्यंत आणि त्यानंतरही आरामात चालते. माझ्याकडे दर वर्षी तारा बदलायला येणाऱ्या अशा गिटारी आहेत, ज्यांचे मालक आज बँडमध्ये वाजवतात. माळ्यावर गेलेल्या गिटारीही मी भरपूर पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक स्वस्त होत्या म्हणून नव्हे, लावलेल्या नव्हत्या म्हणून माळ्यावर गेल्या.

हे समजायला इलेक्ट्रिक गिटार बनते कशी ते थोडं सांगावं लागेल. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतः गिटार वाजवत नसे. त्याने 1950 च्या सुमारास टेलिकास्टर आणि 1954 साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, ती कारखान्यात सुट्या भागांतून जोडता येईल अशी: भरीव लाकडाची फळी, तिला चार स्क्रूंनी बसवलेला नेक (ज्यावर तारा दाबतात ती लांब दांडी), वर पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारी कॉइल) आणि वायरिंग. अकूस्टिक गिटारीत पातळ लाकडाचा डबा घुमावा लागतो, त्यामुळे स्वस्त लाकूड आणि घाईची जोडणी लगेच कानाला कळते. इलेक्ट्रिकमध्ये तसं नाही. आज इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रं बॉडी आणि नेक इतके काटेकोर कापतात की 15 हजारांच्या आणि 50 हजारांच्या गिटारीतला लाकूडकामाचा फरक मलाही कधीकधी शोधावा लागतो.

मग कंपनी पैसे वाचवते कुठे? हाताने कराव्या लागणाऱ्या शेवटच्या दोन-तीन तासांच्या कामात. फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एका पातळीत घासणं, त्यांच्या कडा गोल करणं, नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाचा बरोबर खोलीच्या करणं, तारांची उंची बसवणं. हे यंत्राने पूर्ण होत नाही आणि कुशल माणसाचा वेळ महाग असतो. म्हणून या किमतीत एकाच मॉडेलच्या, एकाच खोक्यातून आलेल्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. मिरजेला तंबोरा घेतलेल्या कोणालाही हे पटेल. भोपळा उत्तम, लाकूड उत्तम, पण जवारी (घोडीवर तार हलकी घासून उठणारा झणकार) लागलेली नसेल तर तंबोरा बोलत नाही. आपल्याकडे जवारी काढणाऱ्याला मान आहे, कारण वाद्याचा आवाज त्याच्या हातात असतो हे गवयांना माहीत आहे. गिटारीचा सेटअप, म्हणजे वर सांगितलेलं हाताचं काम, हे तितकंच महत्त्वाचं काम आहे, फक्त इथे तारेचा झणकार आणायचा नसतो, घालवायचा असतो.

एक उदाहरण देतो. मागच्या हिवाळ्यात नववीतला एक मुलगा आईबरोबर आला. गिटार नवी, ऑनलाइन मागवलेली, चार महिन्यांची. आईचं म्हणणं, याच्या बोटांत जोर नाही, क्लासच्या सरांनी सराव वाढवायला सांगितलंय. मी त्याला पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा जोड) धरायला सांगितला. त्याने दात-ओठ खाऊन धरला आणि कॉर्ड बेसूरच वाजला. ट्यूनरवर जाड ई तार मोकळी बरोबर सुरात होती, पण पहिल्या फ्रेटवर दाबली की स्वर 20 सेंट वर जात होता, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा भाग. कारण साधं होतं. नटच्या खाचा उथळ राहिल्या होत्या, त्यामुळे तार पहिल्या फ्रेटपासून इतकी उंच की ती खाली दाबताना ताणली जाऊन स्वर चढत होता. मी बारीक कानसने सहाही खाचा थोड्या थोड्या उतरवल्या. एकदा घासायचं, तार बसवायची, बघायचं, पुन्हा घासायचं. खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो, म्हणून हे घाईने होत नाही. मग ब्रिजवर (बॉडीवरच्या, तारांच्या घोडीवर) तारा खाली घेतल्या. दीड तास लागला. मुलाने तोच कॉर्ड पुन्हा धरला, आणि आवाज ऐकून त्याने पहिल्यांदा आईकडे बघितलं. चार महिने त्या पोराने स्वतःला दोष दिला होता. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितो आहे.

तेव्हा गिटार बघताना तीन प्रकारचे दोष मनात वेगळे ठेवा. पहिला प्रकार स्क्रू-ड्रायव्हर आणि ॲलन कीने सुटणारा: तारांची उंची, म्हणजे आम्ही जिला ॲक्शन म्हणतो ती, नेकचा हलका बाक, बाराव्या फ्रेटवरचा सूर. हे दोष नव्या गिटारीत असणारच, त्यांना घाबरू नका. दुसरा प्रकार कारागिराकडून सुटणारा: नटच्या खाचा, एखाददुसरा वर आलेला फ्रेट, टोचणाऱ्या कडा. हे पैसे देऊन सुटतं, म्हणून किमतीत ते धरा. तिसरा प्रकार न सुटणारा, किंवा या किमतीत सोडवणं परवडणार नाही असा: पिळलेला नेक, न फिरणारा ट्रस रॉड (नेकच्या पोटातली, बाक बदलणारी लोखंडी सळई), अनेक ठिकाणी वर-खाली झालेले फ्रेट. सगळे फ्रेट काढून नवे बसवायचे तर मजुरीच इतकी होते की 15 हजारांच्या गिटारीवर ती कोणी करू नये. असं काही दिसलं तर रंग कितीही आवडला तरी गिटार परत द्या.

आता हे ओळखायचं कसं. गिटार सुरात लावा, मोबाइलवरचं ट्यूनर ॲप पुरेसं आहे. मग बंदुकीचा नेम धरतात तशी गिटार हेडकडून (खुंट्यांच्या टोकाकडून) डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही सारख्या जायला हव्यात. एक कडा सरळ आणि दुसरी वाकडी असेल तर नेक पिळलेला आहे. त्यानंतर जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीला नेक जुळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. तिथून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर उत्तम. फट मोठी असेल किंवा मुळीच नसेल तर ट्रस रॉड फिरवून ती बदलते का, हे दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.  रॉडच्या टोकाचा आवळायचा नट (तारांखालचा नव्हे) पाव फेरा फिरवून बघायचा, एकदम जास्त नाही. दुकानदार का-कू करत असेल तर दुसरी गिटार मागा.

ॲक्शन मोजायला एटीएम कार्ड वापरा. ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. दोन कार्डं एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत, बारीक तारेखाली साधारण दीड आणि जाड तारेखाली 2 मिलिमीटर असलं की नव्या माणसाचा हात दुखत नाही. नटसाठी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर आहे ते बघा. केसाएवढी फट दिसली पाहिजे. त्याहून मोठी असेल तर खाच उथळ आहे.

आणि मग कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम: प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा. 22 फ्रेट आणि 6 तारा म्हणजे 132 स्वर. पाच-सहा मिनिटं लागतात. कुठे स्वर मेल्यासारखा बसतो, कुठे पुढच्या फ्रेटवर तार घासून झर्र होतं, ते तेव्हाच कळतं. हे ॲम्पला न जोडता करा. ॲम्पचा आवाज बरेच दोष झाकतो. शेवटी डाव्या हाताचा तळवा नेकच्या कडेवरून हेडपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटच्या कडा खरवडल्यासारख्या लागल्या तर मुलगी रोज दोन तास त्यावर हात फिरवणार आहे हे लक्षात ठेवा.

बाहेरच्या दोन तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, हेही बघा. एका बाजूला सरकलेल्या दिसल्या तर लगेच नाकारू नका. नेकचे चार स्क्रू थोडे सैल करून, नेक हलका ढकलून पुन्हा आवळला की बऱ्याचदा ते सरळ होतं. फेंडरच्या त्या स्क्रूच्या जोडणीचा आम्हा दुरुस्तीवाल्यांना झालेला हा मोठा फायदा.

कंपनीविषयी आता बोलू. तुमच्या पैशांत यामाहाची पॅसिफिका, फेंडरची स्वस्त शाखा असलेली स्क्वायर, आयबानेझची जिओ मालिका आणि कोरियन कंपनी कॉर्ट, एवढी चार नावं पुरेत. यांची खालच्या श्रेणीतली मॉडेलं साधारण 15 ते 20 हजारांच्या आसपास मिळतात. भाव दर काही महिन्यांनी हलतात, म्हणून नेमकी किंमत लिहीत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या गिटारींवरून सांगायचं तर यामाहाच्या फ्रेटच्या कामात सातत्य सगळ्यात जास्त दिसतं, म्हणजे न बघता मागवायची वेळ आलीच तर धोका कमी. कॉर्टमध्ये पैशांच्या मानाने माल चांगला असतो आणि नाव कमी प्रसिद्ध असल्यामुळे लोक तिकडे वळत नाहीत. आयबानेझचा नेक पातळ आणि फ्रेटबोर्ड सपाट, वेगात वाजवणाऱ्यांना तो आवडतो. स्क्वायरचा फ्रेटबोर्ड थोडा गोलाईचा, कॉर्ड धरायला सुखाचा. स्क्वायरमध्ये एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक मला जास्त आढळला आहे, म्हणून ती हातात घेऊनच घ्या. ही सगळी माझी निरीक्षणं आहेत. तुमच्या हातात येणारी एक गिटार यापेक्षा चांगली किंवा वाईट निघू शकते, आणि म्हणूनच वरची तपासणी नावापेक्षा मोठी.

कोणती घ्यावी हे बऱ्याच अंशी मुलीला काय वाजवायचं आहे यावर ठरेल, आणि ते तुमच्या प्रश्नात नाही. तिला आवडणारी पाच गाणी कागदावर लिहायला सांगा. त्यात स्वच्छ, टिणटिणीत आवाजाची गिटार जास्त असेल तर सिंगल कॉइल पिकअप लागतील. गुरगुरणारा, भरदार रॉक किंवा मेटलचा आवाज असेल तर हंबकर लागेल. हंबकर म्हणजे उलट वेढ्यांची दोन कॉइल शेजारी-शेजारी. त्यामुळे विजेच्या तारांमधून येणारी 50 हर्ट्झची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये उलट-सुलट येऊन नाहीशी होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने 1955 साली ती बनवली, आणि नावातच गुणगुण मारणारी असा अर्थ आहे. पाच गाणी पाच प्रकारची निघाली, अकरावीत बहुधा तसंच होतं, तर ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी रचना घ्या. दुकानात तिला एचएसएस म्हणतात. पॅसिफिकाची सुरुवातीची मॉडेलं याच रचनेची असतात.

पिकअपच्या दर्जावर मात्र या किमतीत फार विचार करू नका. पिकअप पुढे कधीही बदलता येतात. चार वायरी सोडवायच्या आणि सोल्डर करायच्या, तासाभराचं काम. व्हॉल्यूमचं बटण खरखरतं, जॅक सैल आहे, असल्या तक्रारीही किरकोळ आहेत, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पान्याने जातात. नेक आणि फ्रेट तसे बदलता येत नाहीत.

ब्रिजबद्दल मात्र हट्टाने सांगतो. फ्लॉइड रोझ पद्धतीचा, तारा कुलूपबंद करणारा हलता ब्रिज या किमतीत अजिबात घेऊ नका. चांगल्या पोलादाचा असला तर तो सुरेख चालतो. स्वस्त धातूत त्याच्या धारा काही महिन्यांत झिजतात आणि मग सूर टिकत नाही. शिवाय एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि तारा बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. मुलगी एकटी घरी शिकणार असेल तर स्थिर ब्रिज सगळ्यात बरा. साधा, स्ट्रॅटोकास्टरसारखा हलता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगा आवळून तो बॉडीला टेकवून घ्या आणि पहिलं वर्ष त्याची दांडी काढून कप्प्यात ठेवा.

अकूस्टिकवरून येणाऱ्यांची एक अडचण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गिटारीवर आळ येणार नाही. इलेक्ट्रिकच्या तारा कारखान्यातून बहुधा 9 नंबरच्या (नंबर लहान तितकी तार बारीक) येतात, अकूस्टिकच्या 12 किंवा 11. तिच्या हाताला दोन वर्षं जोरात दाबायची सवय आहे. तोच जोर इथे लावला की तार फ्रेटच्या मागे दबून स्वर वर चढतो आणि गिटार बेसूर वाटते. पहिले पंधरा दिवस तिला मुद्दाम हलक्या हाताने वाजवायला सांगा. तरीही चढत असेल तर 10 नंबरच्या तारा लावून बघा.

ॲम्पकडे लोक शेवटी उरलेल्या पैशांत बघतात. निम्मा आवाज ॲम्पचा असतो. घरात 10 वॅटचाही भरपूर मोठा होतो. वॅट बघू नका, हेडफोनची जागा आहे का आणि आतच डिस्टॉर्शन (गुरगुर), रिव्हर्ब (घुमारा) असे आवाज आहेत का ते बघा. छोट्या मॉडेलिंग ॲम्पमध्ये हे मिळतं आणि वेगळे पेडल घ्यावे लागत नाहीत. बारावीचं वर्ष येतंय, हेडफोन लागणारच. गिटार, ॲम्प, पिशवी, पट्टा एकाच खोक्यात देणारे स्टार्टर पॅक शक्यतो टाळा. त्यातला ॲम्प इतका हलका असतो की चांगली गिटारसुद्धा पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

हा पुढचा भाग कृपा करून सोडून देऊ नका. गिटारीचा ब्रिज आणि तारा आतून एका वायरने ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे तारांना हात लावलेला माणूस ॲम्पच्या अर्थिंगलाच हात लावून बसलेला असतो. घरात अर्थिंग नीट असेल तर उत्तम. नसेल, आणि ॲम्पमध्ये काही बिघडलं, तर वीज थेट तारांवर येऊ शकते. किनारपट्टीच्या एका गावातला मुलगा माझ्याकडे गिटार घेऊन आला होता, तक्रार अशी की गाताना माइकला ओठ लागला की मुंग्या येतात. गिटारीत काहीच नव्हतं. त्याच्या घरी बोर्डात तीन भोकं होती, पण अर्थच्या भोकाला मागे वायरच जोडलेली नव्हती. गिटार घरी येण्याआधी वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्टच्या आसपास येतात का आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी दोन-चार व्होल्टच आहेत ना, हे मीटर लावून बघा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पला घरात हा धोका नाही. पण कॉलेजच्या गॅदरिंगला ती मोठ्या ॲम्पला गिटार लावणारच, तेव्हा तिला हे माहीत असू दे.

गुणगुणीची एक साधी परीक्षा यातूनच निघते. ॲम्प चालू असताना तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारीचं आतलं जोडकाम बरोबर आहे. हात लावल्यावर वाढली तर कुठेतरी वायर तुटलेली किंवा उलटी आहे. दुकानातच करून बघा.

सेकंडहँड जरूर चालेल. पुण्या-मुंबईत इंजिनीअरिंगची मुलं पहिल्या वर्षी गिटार घेतात आणि नोकरी लागली की विकतात. मे-जून महिन्यांत अशा गिटारी खूप निघतात, आणि 25-30 हजारांची गिटार निम्म्या किमतीतही मिळून जाते. पण तपासणी दुप्पट काळजीने. ट्रस रॉड फिरतो का, पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खड्डे पाडलेत का, हेड आणि नेक जुळतात तिथे चिरेची रेघ दिसते का. आणि फार मोठ्या ब्रँडचं नाव फार कमी किमतीत दिसलं तर ती बहुधा नक्कल असते. नकली गिटारीत लोगो हुबेहूब असतो, फ्रेटचं काम नसतं. सोबत गिटारवाला माणूस नसेल तर तुमच्यासाठी नवीच बरी.

ऑनलाइन की मुंबई? एक दिवस काढता आला तर मुंबईला जा, मुलीला घेऊन जा. कोकण रेल्वेने दादरला उतरून धोबी तलावला पोचलात की तिथे वाद्यांची जुनी दुकानं जवळजवळ आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, गर्दी नसते, दुकानदाराला वेळ असतो. एकाच मॉडेलचे दोन-तीन नग मागा. तुम्ही घेणार आहात त्याच छोट्या ॲम्पवर ऐका, दुकानातल्या मोठ्यावर नको, आणि आधी स्वच्छ आवाजात. चिपळूणला दुरुस्तीवाला मिळेलच असं नाही, म्हणून घेतलेल्या गिटारीचा सेटअप तिथेच करून घ्या. दोन तास थांबावं लागलं तर थांबा, मुलीला कारागिराच्या शेजारी उभं करा. बाराव्या फ्रेटचा सूर कसा लावतात, ट्रस रॉड किती फिरवतात, हे तिने एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढची दोन वर्षं तिचं तिला जमतं.

जाणं शक्यच नसेल तर परतीची स्पष्ट मुदत देणाऱ्याकडूनच मागवा, आणि पाठवण्याआधी सेटअप करून देणारा विक्रेता मिळाला तर हजार रुपये जास्त देऊनही त्याच्याकडून घ्या. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. त्याच संध्याकाळी वरची 132 स्वरांची तपासणी करा, मुदत संपायची वाट बघू नका.

पैशांची वाटणी मी अशी करीन: गिटारीला 16,500, ॲम्पला 5,000, सेटअपला 1,500, आणि उरलेल्या 2,000 मध्ये चांगली केबल, पट्टा, पॅडची पिशवी आणि तारांचे दोन जादा सेट. सेटअपचे पैसे गिटारीत घालून एक पायरी वरचं मॉडेल घ्यायचा मोह होईल. तो टाळा. लावलेली 16 हजारांची गिटार न लावलेल्या 18 हजारांच्या गिटारीपेक्षा दर वेळी चांगली वाजते.

चिपळूणच्या हवेबद्दल शेवटी सांगतो. कोकणातून येणाऱ्या गिटारींत मला लाकडापेक्षा लोखंडाचे हाल जास्त दिसतात. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली उंची बदलणारे दोन बारीक स्क्रू असतात, दीड मिलिमीटरची ॲलन की लागणारे. दोन पावसाळ्यांत ते गंजून असे घट्ट बसतात की ॲलन की फिरवली तर त्यांची भोकंच गोल होतात. मे महिन्यात प्रत्येक स्क्रूला टूथपिकच्या टोकाने शिवणयंत्राचं तेल लावा, एकेक थेंबापेक्षा कमी. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसायच्या, गिटार पिशवीत ठेवायची, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि त्या महिन्याने बदलायच्या. भिंतीला टांगून ठेवू नका, विशेषतः बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला. पावसात लाकूड ओलावा घेतं आणि नेकचा बाक बदलतो, त्यामुळे जुलैत ॲक्शन बदलल्यासारखी वाटली तर लगेच ट्रस रॉडला हात घालू नका. ऑक्टोबरचं ऊन पडून आठ-दहा दिवस झाले की नवीन तारा लावा, व्हिजिटिंग कार्डाने सातव्या फ्रेटवरची फट पुन्हा बघा, आणि गरज असेल तर तेव्हा पाव फेरा फिरवा.